लिफाफेखाना राखिला त्याची हकीकत

श्री. अक्षरास वाट देणारी आणि पत्रास घर दाखविणारी जी देवता, तिचे स्मरण करून हा मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मास श्रावण. ते समयी पाण्याचे पंप विकणाऱ्या एका राज्यात लिफाफेखाना म्हणोन महाल होता, त्याची मोजदाद केली ती येणेप्रमाणे: लांब मेजे दोन, खुर्च्या सहा, पैकी एक मोडकी, कोरे लिफाफे नऊ हजार, डिंकाच्या बाटल्या अकरा, स्टेपलर तीन, सुतळीचे गुंडे चार, हळदीचा करंडा एक, कुंकवाचा करंडा एक, आणि माणसे पाच, सर्व बायका. त्यांत मुख्य सुलभाकाकू खरोटे, ज्यांच्या हातची घडी कागदास कळू न देता पडे.

या राज्याची रीत ऐसी की, पाडव्यास आणि दसऱ्यास विक्रेत्यांचा दरबार भरावा आणि त्याची आमंत्रणे याच महालातून रवाना व्हावी. परंतु टपालसुभ्याने त्या साली पत्रे निवडणारे यंत्र उभे केले, आणि यंत्रास न वाचवेल ते पत्र बाजूस पडे, मग माणसाने हाताने लावावे, त्यास विलंब होई. पाडव्याची पत्रे ऐशीच मागे पडली आणि दरबार उलटल्यावर पोचली, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तेव्हा दिवाण देवस्थळीसाहेब यांनी श्रीमंतांस अर्ज केला की, “हे काम बाहेर ठेक्याने द्यावे, या बायकांना किती दिवस पोसणार?” श्रीमंतांनी विचार करून फर्माविले की, दसऱ्याची पत्रे यंत्रातून सुखरूप पार पडली तर महाल राहील, नाही तर मोडेल, आणि या मोहिमेवर केतकी वाघमोडे, विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच चाकरीस आलेली, तिची नेमणूक केली.

केतकीने प्रथम परवानगी काढून यंत्राचे दर्शन घेतले. त्यास एक डोळा, तो पत्ता वाची. आणि वाचिल्यावर लिफाफ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक रेघांची ओळ उमटवी, पुढील यंत्र पत्ता न पाहता तीच ओळ पाही. हे टिपून ती महालात आली आणि स्टेपलर बंद केले, कारण पिना यंत्राच्या दातांत अडकत. आणि सुतळी बंद केली, आणि चकचकीत लिफाफे बाजूस ठेविले, आणि पत्ते काळ्या शाईत छापून पिनकोड शेवटच्या ओळीस घेतला. मग चाचणीची दोनशे पत्रे पाठविली, पैकी एकशे सत्त्याण्णव पार झाली. महालात बहुत आनंद जाहला आणि काकूंनी सर्वांस चहा पाजिला.

मग खऱ्या आमंत्रणांची पहिली पाचशे रवाना केली, तो तीनशे साठ बाजूस पडली. देवस्थळीसाहेब दारात उभे राहून वदले, “काय हो शास्त्रज्ञबाई, यंत्र रुसलं वाटतं?” केतकीने मनाशी ताळा मांडिला: कागद तोच, शाई तीच, हात तेच. मग चाचणीत होते आणि येथे नाही, किंवा येथे आहे आणि चाचणीत नव्हते, ऐसे काय, हे शोधावयास ती काकूंच्या शेजारी मोडक्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली,

“काकू, रागावणार नसाल तर विचारते. चाचणीच्या पत्रांनाही हळदकुंकू लावलं होतंत?”

“छे गं! चाचणीच्या पत्राला कुंकू लावतात होय? ती काय कुणाच्या घरी जायची होती?”

“आणि आमंत्रणांना?”

“चारी कोपऱ्यांना. आपल्याकडे लावतातच की.”

तेव्हा केतकीने शंभर लिफाफे कुंकवाचे आणि शंभर बिनकुंकवाचे, बाकी सर्व सारखे, ऐसे धाडून पाहिले. बिनकुंकवाचे जवळजवळ सर्व पार झाले, कुंकवाचे बहुतेक पडले. जेथे यंत्राने ओळ उमटवावी तेथेच कुंकू बसले होते.

हे श्रीमंतांपुढे मांडिले, तो देवस्थळीसाहेब म्हणाले, “मग सोपं आहे. कुंकू बंद.” त्यावर सुलभाकाकू, ज्या दरबारी कधी बोलत नसत, पुढे झाल्या: “साहेब, कोऱ्या कोपऱ्याचं पत्र दारात आलं की माणूस आधी विचारतो, कोण गेलं? दसऱ्याचं आमंत्रण असं धाडायचं? महाल मोडा हवं तर, पण माझ्या हातून ते जायचं नाही.” केतकीने सुचविले की कुंकू मागील बाजूस लावावे. काकूंनी लावून गठ्ठा बांधिला, सोडिला, तो खालच्या लिफाफ्याची पत्त्याची बाजू लाल. “कोरडं आहे गं ते, एकमेकांना लागणारच.” मग केतकीने त्या लिफाफ्यातील पत्र बाहेर काढून विचारिले, “आत? पत्रावरच?” काकू म्हणाल्या, “ओलं करून लावलं आणि पंख्याखाली वाळवलं तर घडीत डागणार नाही. पण बाहेरून कोरंच दिसेल ना बाई.” म्हणोन बाहेर डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईत ‘श्री’ छापावा ऐसा मनसुबा ठरला.

“यंत्राला श्री चालतो?” देवस्थळीसाहेबांनी विचारिले.

“त्या कोपऱ्यात ते बघतच नाही, साहेब,” केतकी म्हणाली.

श्रीमंत मोठ्याने हसले आणि विडा उचलून काकूंपुढे केला. मग पाची जणींनी पत्रे मेजांवर पसरिली, कुंकू ओले केले, पंखे लाविले, आणि काकूंची सून, जी शाळेत शिकवी, ती शाळा सुटल्यावर घड्या घालण्यास कुमकेस आली, आणि देवस्थळीसाहेब, कोणी न बोलाविता, बाह्या सारून दारापाशी गठ्ठे मोजीत बसले.

येणेप्रमाणे कुंकू आत गेले, श्री बाहेर आला आणि महाल राखिला. आमंत्रणे रवाना चार हजार एकशे. पैकी यंत्राने वाचिली चार हजार एकोणसत्तर, हाताने लाविली एकतीस.