पांढऱ्यावर पांढरं

हिनाकुरा नगर कार्यालयाने डोंगरावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्यासाठी एक पांढरी गाडी घेतली. बस मार्चपासून बंद झाली होती. गाडीचा चालक मीच. एरवी मी समाजकल्याण विभागात कारकून आहे. गाडीवर कार्यालयाचं आणि विभागाचं नाव चिकटवलं की निघायचं, एवढंच बाकी होतं. वस्तीतल्या त्सुयुआजी गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी रोज फोन करून विचारत होत्या.

अक्षरं दोन थरांत लावावीत असा नियम आहे. खाली पांढरी, थोडी मोठी. त्यांवर निळी, अशी की चहूबाजूंनी तीन मिलिमीटर पांढरी कड राहावी. नियम गाड्या हिरव्या होत्या त्या काळातला. गाड्या बदलल्या, नियमाला कुणी हात लावला नाही.

"पांढऱ्या गाडीवर पांढरी कड दिसणार कुणाला?" अक्षरं चिकटवणाऱ्या शिराकुबोकाकांनी विचारलं.

"दिसायला कशाला हवी? असायला हवी," आमचे विभागप्रमुख नुकारियासाहेब म्हणाले.

काकांनी दोन्ही थरांच्या कोपऱ्यांतल्या त्रिकोणी खुणा एकमेकींवर तंतोतंत जुळवल्या, वरच्या कडेला चिकटपट्टी लावून बिजागरीसारखी सोय केली, साबणाचं पाणी फवारलं आणि निळा थर अलगद खाली उतरवला. साहेबांनी भिंग लावून न दिसणारी कड मोजली. सगळीकडे तीन भरली.

मग तपासणीचा कागद शिक्क्यांसाठी फिरला; सहीऐवजी इथे प्रत्येकाचा नावाचा शिक्का असतो. आमच्याकडे खालच्या माणसाने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा असतो, म्हणजे तो शेजारच्या वरिष्ठांच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. माझा सगळ्यांत कलता, साहेबांचा त्याहून थोडा कमी. उपनगराध्यक्षांनी कागद पाहिला, मग खिडकीतून गाडी पाहिली.

"नगर कार्यालयाच्या नावाशेजारी तुमच्या विभागाचं नाव ताठ उभं आहे," ते म्हणाले. "घरी वडीलधाऱ्यांसमोर असेच उभे राहता का?"

साहेबांनी तिथल्या तिथे तीनदा मान लववली आणि विभागाच्या नावाचा निळा थर सात अंश डावीकडे कलवायला सांगितला. काकांनी सोलून नवा कलता लावला. आता कड एकीकडे पाच भरली, दुसरीकडे एक. तपासणीत नापास. मग पांढराही कलवावा, असं ठरतंय तोच आस्थापना विभागाने लेखी शंका काढली : पांढरा थर आधी चिकटला, म्हणजे तो सेवेत ज्येष्ठ. मग मागाहून आलेला निळा त्याच्या डोक्यावर बसलाच कसा?

यावर तीन आठवडे बैठका झाल्या. निर्णय झाला, की दोन्ही नावांतल्या निळ्याने पांढऱ्याच्या खाली जावं.

"साहेब, मग काहीच दिसणार नाही," काका म्हणाले.

"नव्या माणसाने दिसायचं नसतंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. अकरा शिक्के पुरे झाले आणि गाडी मंजूर झाली.

त्सुयुआजी थांब्यावर पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"बसा आजी. उशीर झाला, माफ करा."

"कुणाची गाडी ही?"

"कार्यालयाची. नाव आहे, हात फिरवून बघा."

"रोज सकाळी कर्ण्यावरून तुम्हीच ओरडता ना, नाव नसलेल्या गाडीत बसू नका, भामटे फिरतायत म्हणून?"

"अहो, मला ओळखता तुम्ही. लहानपणी तुमच्या झाडाची पर्सिमन फळं चोरायचो मी."

"ओळखते म्हणूनच बसत नाही," म्हणत त्यांनी काठी सावरली आणि उतार धरला.

दवाखान्यापर्यंत चार किलोमीटर त्या चालल्या. मी मागून त्यांच्या चालीने गाडी नेत राहिलो. माझी मला लाज वाटत होती. पण नोंदवहीत लाजेचा रकाना नाही. प्रवासी शून्य, असं मी लिहिलं.

महिनाभर शून्यच लिहिलं. मग मागणी नसल्यामुळे सेवा बंद करण्याची सूचना निघाली आणि घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीला लावून वस्तीत गेली. प्रत्येक घराने वाचायचं, हरकत असल्यास लिहायचं, शिक्का मारून शेजारी द्यायचं. पाटी दोन दिवसांत परत आली. सव्वीस घरं, सव्वीस शिक्के, हरकत एकही नाही. त्सुयुआजींचा शिक्का चौथा होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "शेजारीण दारात खोळंबली होती रे, वाचत कोण बसणार?"

तुम्ही हसताय. मागच्या आठवड्यात तुमच्या दारावर जो कागद आला आणि तुम्ही उभ्या उभ्या सही करून पुढे दिलात, त्यात काय लिहिलं होतं?