इंग्रजीतला होकार

सुपारी फुटायला जेमतेम घोटभर चहा उरला होता आणि नेमकी तेव्हाच मुलीच्या बापाला, गुणवंतरावांना, इंग्रजी ऐकायची हुक्की आली.

"जावईबापू, मुखरूभाऊ म्हणत होते का तुम्ही फाडफाड इंग्रजी बोलता. होऊन जाऊ द्या ना दोन शब्द! मंडळी आशेनं बसून आहे जी."

घनश्यामनं हातातला कप तसाच खाली ठेवला. मुखरू म्हणजे त्याचा मामा. स्थळ जुळवताना मामानं भाच्याची जमीन वाढवून सांगितली नाही, कारण ती मोजता येते; इंग्रजी मात्र वाढवून सांगितली. घनश्याम जंगल खात्याच्या कचेरीत बाबू होता आणि साहेबाच्या इंग्रजी हुकमांच्या नकला उतरवायचा. पण हा साहेब असा खमक्या, की लोकांचा अर्ज मंजूर करायला त्याचा हात कधी उठलाच नाही. त्यामुळे घनश्यामकडे इंग्रजी होती, पण सगळी एकाच जातीची. रद्द करणं, फेटाळणं, काढून घेणं, मोडीत काढणं, एवढंच तिच्यात येत होतं.

त्यात पोरगी त्याला फार आवडली होती. पोह्यांची बशी देताना प्रेमिलानं हळूच विचारलं होतं, "चांगले झाले काय जी?" पोह्यांत मीठ औषधालाही नव्हतं, तरी हा "झकास" म्हणाला होता आणि मनात लग्न करून मोकळा झाला होता. आता दोन शब्दांसाठी हातचं स्थळ घालवायचं कशाला? आरमोरीपासून एवढ्या आत, जंगलातल्या या गावात इंग्रजी समजते कोणाला? त्यानं कोट झटकला, साहेबासारखे हात मागे बांधले आणि मांडव दणाणून सोडला.

"युवर परमिट इज हिअरबाय कॅन्सल्ड! लायसन्स रिव्होक्ड! ऑल ॲप्लिकेशन्स रिजेक्टेड! ॲबॉलिश्ड!"

शेवटचा शब्द निव्वळ भरात निघून गेला. घनश्याम टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला. मंडळी मात्र एकमेकांकडे पाहू लागली.

गोष्ट अशी होती की इंग्रजी या गावातही आली होती, पण फक्त सरकारी कागदावरून. बाकी इंग्रजीचा गावाला गंध नव्हता. मात्र ज्याला जो साप चावला, त्याला त्याचं नाव तोंडपाठ होतं.

"कॅन्सल म्हणते ना थो?" लाकडं तोडणारा दसरू म्हणाला. "माह्या सागाच्या परमिटावर हेच लिवून आलं होतं."

"रिव्होक भी म्हटलं," बिरजू शिकारी कुरकुरला. "माही बंदूक त्यानंच गेली."

मग सगळ्यांच्या नजरा गुणवंतरावांकडे वळल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, ज्या शब्दानं गेली, तो मांडवात अजून घुमत होता. त्यांनी कपबशी खाली ठेवली. "मुखरूभाऊ," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्या भाच्यानं माह्या पोरीले ॲबॉलिश केलं."

"नाई जी, नाई!" घनश्याम घाबरला. "मले पोरगी पसंत आहे!"

"ते तुम्ही मराठीत म्हणता. साहेब भी तोंडानं 'पाहू, होऊन जाईन' म्हणते. मंग कागद येते इंग्रजीत. इंग्रजीतलं तेवढं खरं असते, बापू. पसंत असन त इंग्रजीत सांगा."

"येस, येस!"

"बस, नकार पक्का झाला!" बिरजू ओरडला. "साहेबानं नाई म्हटलं का बाबू लोक हेच म्हणते. म्या कचेरीत या कानानं ऐकलं."

घनश्यामनं डोक्यातले सगळे कागद उलटेपालटे केले. होकाराचा एक शब्द सापडेल तर शपथ! मग त्यानं विचार केला, होकार येत नाही तर नकारच रद्द करावा. "रिजेक्शन विथड्रॉन!"

"विथड्रॉ!" मच्छीमार इसरू ताडकन उठला. "माह्या तलावाचा ठेका त्यानंच गेला ना!"

"मंग ऑर्डर सस्पेंडेड!"

यावर कोपऱ्यातला कोतवाल हुंदका देऊन रडायलाच लागला. मुखरूमामानं भाच्याचा कोट ओढून त्याला खाली बसवलं. "चूप बस रे बावा! एक एक शब्दानं एक एक माणूस मारून राह्यला तू!"

एवढ्यात इंदिराबाई, गुणवंतरावांची बायको, चुलीवरचं परतता परतता हातातल्या सराट्यासकट बाहेर आल्या. आत प्रेमिलानं रडून डोळे सुजवले होते. काय झालं ते ऐकून बाई कडाडल्या.

"इंग्रजीत नाई म्हटलं त म्हटलं! त्या नाईनं या गावात काय अडलं आजवर? दसरूभाऊ, तुमचं परमिट कॅन्सल झालं ना? मंग हा मांडवाचा साग कुठून आला? इसरू, तलाव गेला, त माह्या चुलीवर शिजून राह्यली ते मच्छी कोणाची? अन् बिरजू, बंदूक गेली तुही, मंग परवाचं सांबर काय हसून हसून मेलं?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमची मालगुजारी गेली म्हणता, पण लोकायच्या कोंबड्या येनं बंद झालं काय?"

बाईंचं बोलणं संपलं. एकेक मान हळूहळू वळून जंगल खात्याच्या बाबूवर स्थिरावली. दसरू सरकत सरकत सागाच्या खांबाला पाठ लावून बसला. केवढा खांब तो, दोन दसरू बसले तरी झाकला नसता.

गुणवंतराव उठले. "मुखरूभाऊ, सुपारी कुठी आहे?"

"पण तो इंग्रजीतला होकार—"

"आग लावा त्या इंग्रजीले! घरचा जावई घरच्यायची तक्रार करत नाई. फोडा म्हणतो ना लवकर!"

"फोडा, फोडा!" बिरजूचा आवाज सगळ्यांत वर होता. कोतवालानं डोळे पुसून अडकित्ता शोधायला घेतला.

गुणवंतराव घनश्यामजवळ येऊन बसले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून लाडीगोडीनं म्हणाले, "जावईबापू, आमची बाई रागाच्या भरात काही बोलली. तुमच्या कानावर काही पडलं त नाई ना जी?"

घनश्यामनं सागाच्या खांबाकडे पाहिलं. चुलीवरून मच्छीचा घमघमाट येत होता. दाराच्या फटीतून प्रेमिला पदरानं नाक पुसत त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिला आता हसू आवरत नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"नाई जी," तो ठासून म्हणाला.

इतकी वर्षं तो साहेबाचे नकार उतरवत आला होता. हा त्याचा स्वतःचा होता, आणि तो ऐकून अख्खा मांडव खूश झाला. अडकित्ता काही सापडेना. तेव्हा दसरूनं खांबामागे लपवलेली कुऱ्हाड काढली आणि जंगल खात्याच्या बाबूसमोर एका घावात सुपारी फोडली.