सासूबाईंच्या बाटलीतल्या अळ्या

"आज तुमच्याच घरापासून सुरुवात करू," आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले आणि आरोग्यसेविकेची पंचाईत झाली.

गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट झाले होते. तिसरा निघाला तर नोकरी गेलीच समजा, असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं. बिचारी दारोदार डासांच्या अळ्या शोधत फिरायची, पण स्वतःच्या घरात तिनं कधी बॅटरी मारली नव्हती. मारणार कशी? घरात सासूबाई होत्या ना!

साहेबांनी टीव्हीवरच्या मनीप्लांटच्या बाटलीवर उजेड टाकला. आत अळ्यांची नुसती वळवळ!

"आई, हे पाणी कधी बदललंत?" सुनेनं विचारलं.

"बदलायचं कशाला? ह्यांनी स्वतःच्या हातानं भरलेलं पाणी आहे ते. कमी झालं की मी वरून घालते."

'हे' जाऊन चार वर्षं झाली होती.

नियम म्हणजे नियम. अळ्या सापडल्या की दारावर लाल खडूची फुली. सुनेनं बाटली उन्हात ओतली आणि आपल्याच दारावर फुली मारली. समोरची शेजारीण खिडकीतून खुदकन हसली. झालं! तिथूनच सगळं रामायण सुरू झालं.

सासूबाईंनी सुनेशी अबोला धरला, पण तिची बॅटरी मात्र उचलली. "माझ्या एकटीच्याच दारावर फुली काय? बघतेच एकेकीकडे!"

पहिला नंबर हसणाऱ्या शेजारणीचा. सासूबाईंनी फ्रिजमागचा ट्रे ओढून काढला.

"अगं बाई, हे तर तळंच पाळलंयस की तू!"

मग मास्तरांच्या गच्चीवरचं टायर, दुकानदाराचं पाखरांसाठी ठेवलेलं भांडं. कोणाची नाही म्हणायची टाप नव्हती. "आल्या, आल्या!" अशी कुजबुज झाली की गल्लीभर बादल्या पालथ्या व्हायच्या.

शेवटी लोकांनी तक्रार केली. साहेब तणतणत आले.

"या आजींना कोणी नेमलं?"

सून त्यांना घरं दाखवायला पुढं झाली. साहेबांनी एक घर तपासलं, दुसरं तपासलं, मग अख्खी गल्ली पालथी घातली. अळी औषधालासुद्धा सापडेना! तिसरा पेशंटही झालाच नव्हता.

"कमाल आहे!" साहेबांचा आवाज उतरला. "बाई, तुमच्या नोकरीला आता धक्का नाही. पण खरं श्रेय आजींचं हं."

"माझं कसलं डोंबलाचं?" सासूबाई कडाडल्या. "सासूच्या दारावर फुली मारायला छाती लागते! माझी सून आहे ती. तिनं मला सोडलं नाही, तर तुम्हाला सोडेल होय? राहता कुठं तुम्ही? चल गं, आत्ताच बघून येऊ."

सुनेला हसूही आलं आणि रडूही. तिनं पदरानं डोळे पुसून बॅटरी उचलली.

साहेब तोवर कोपऱ्यात जाऊन फोनवर बायकोशी कुजबुजत होते, "अगं, कोण येतंय ते नंतर विचार! आधी ती फुलदाणी ओत!"