हिरड्यांवरची मोहीम

"एकही जंतू जिवंत सोडणार नाही!" एदुविहेसने दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यातच बजावलं. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि महिन्याभरात लेकीचं, यानिरीसचं, लग्न ठरवायला मुलाकडची मंडळी सान्तियागोला येणार होती. लाल दातांनी हसायचं कसं?

"जंतू हिरड्यांच्या कडेला थर करून बसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी ब्रश, मग सकाळ-संध्याकाळ या औषधाची चूळ. जास्त नको हं!"

'जास्त नको' तिच्या कानात शिरलंच नाही. कॉफी झाली की चूळ, शेजारणीशी भांडण झालं की चूळ! एवढं जालीम औषध असताना ब्रश कशाला, म्हणून ब्रशला सुट्टी. नवरा क्रिसान्तोही सुटला नाही.

"अगं, माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत!"

"तुझे जंतू माझ्याकडे येतात. आ कर!"

ठरल्या रविवारी कच्ची केळी, कंद आणि बोकडाचं मटण घालून सांकोचो रटरटला. एदुविहेसने रस्सा चाखला. नुसतं गरम पाणी! मूठभर मीठ टाकलं. तरी पाणीच!

"क्रिसान्तो, बघ रे जरा."

त्याने पळीभर ओरपला. "मीठ विसरलीस वाटतं?"

झालं! बरणी रिकामी.

पंगत बसली. मुलाच्या बापाने पहिला घोट घेतला आणि समुद्रात बुडणाऱ्या माणसासारखे डोळे फिरवले. मुलाने पाण्याचा जगच तोंडाला लावला.

"आई!" यानिरीस किंचाळली.

"अळणी झालाय ना गं?" एदुविहेस ओशाळून हसली, तर दात तंबाखू खाल्ल्यासारखे तपकिरी!

मुलाच्या आईने, ओबदुलियाने, मात्र मान खाली घालून वाडगा संपवला. यानिरीसने दाराकडे पाहिलं. आता ही बाई उठून चालू लागणार!

"विहीणबाई," ओबदुलिया हळूच म्हणाली, "राग मानू नका, पण जरासं मीठ मिळेल का?"

आणि ती हसली. तिचेही दात तपकिरी!

"तुम्हीसुद्धा? चूळ?"

"तासातासाला!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लग्न ठरलं!

दुसऱ्या दिवशी एदुविहेस ऐटीत दवाखान्यात गेली. "किती मेले?"

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "थर जसाच्या तसा! ब्रशने तो निघालाच नाही, मग औषध आत पोचणार कसं? वरवरचे थोडे मेले, बाकी तुमची चव गेली. चूळ थांबवलीत की ती येईल परत. औषधाचे हे डाग मात्र मलाच घासावे लागणार."

"आणि खालचे जंतू?"

"मजेत आहेत. लग्नालाही येतील."