पितरांनी खाल्लेली सफरचंदं

किनुएबाई आठ सफरचंदं आठ घरी देऊन मोकळ्या झाल्या, तेव्हा संशोधक विद्यार्थिनी फुमिनो जेवायला गेली होती.

तसं पाहिलं तर बाईंचं काही चुकलं नव्हतं. डिसेंबर महिना, जपानभर नावाजलेल्या आओमोरीच्या सफरचंदांचं खोकं आणि तेही केंद्रप्रमुख सरांच्या खोलीबाहेर. वर्ष संपत आलं की सरांना अशा भेटी येतात आणि सर दरवर्षी म्हणतात, "बाई, वाटून टाका." आलेली भेट एकट्याने खाणं आमच्याकडे शोभत नाही. पंचवीस वर्षं संशोधन केंद्राची कचेरी सांभाळलेल्या बाईंनी सरांची वाटसुद्धा पाहिली नाही.

"बाई, मी जेवणापुरतं इथे ठेवलेलं खोकं?" फुमिनोने आल्याआल्या विचारलं.

"मागच्या गल्लीत वाटलं. काय सुरेख होती गं! शेतकऱ्याने प्रत्येकावर नंबरसुद्धा चिकटवला होता."

फुमिनो भिंतीला टेकून खालीच बसली. नंबर तिने चिकटवले होते. प्रत्येक चिकटपट्टीखाली एक भोक होतं आणि भोकात चेस्टनटची झाडं वाळवणारी बुरशी होती. चारांत धडधाकट बुरशी, चारांत विषाणू लागलेली. माणसाला मुद्दाम विषाणू लावून बघता येत नाही, बुरशी बिचारी तक्रार करत नाही, म्हणून आमच्या केंद्रात विषाणूंचा अभ्यास तिच्यावर चालतो. आजारी बुरशी सफरचंद कमी पोखरते. किती कमी, ते सातव्या दिवशी मोजायचं होतं आणि आठव्या दिवशी फुमिनोची तोंडी परीक्षा होती. गेल्या वर्षी परीक्षकांनी तिला परत पाठवलं होतं. म्हणाले, "कुठल्या फळात काय हे तुम्हालाच ठाऊक, आणि मोजपट्टीही तुमच्याच हातात." यंदाही तेच झालं तर मुकाट्याने गावी जाऊन वडिलांच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं होतं.

"कुणी खाल्लं तर त्यांना काही..." बाईंचा चेहरा उतरला.

"माणसाला ती काही करत नाही हो. माझं मात्र वाटोळं होईल."

दोघी तशाच निघाल्या. पहिलं घर तोकुए आजींचं. सफरचंद सुखरूप होतं, पण ते देव्हाऱ्यात, वारलेल्या आजोबांच्या फोटोपुढे, उदबत्तीच्या धुरात. आलेलं फळ आधी पितरांना, मग घरच्यांना, हे फुमिनो घाईत विसरलीच होती. आठही घरांत तोच प्रकार. आता आजोबांच्या पुढ्यातलं उचलून "हे आमचं" म्हणायला कुणाची जीभ रेटणार? दोघींनी नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नेलेला तांदळाच्या चकत्यांचा पुडा ठेवला. मग त्या घराने तरी यांना रिकामं कसं धाडायचं? संध्याकाळी फुमिनोकडे अकरा सुकवलेली पर्सिमन फळं, तीन बरण्या मुळ्याचं लोणचं आणि एक लोकरी मोज्यांचा जोड जमला. सफरचंद एकही नाही.

"असू देत तिथेच," बाई म्हणाल्या. "नाहीतरी त्या खोल्यांत दिवसभर शेगड्या पेटलेल्या असतात. तुझ्या त्या बुरशी वाढवायच्या गरम कपाटासारख्याच." आणि त्यांनी घरोघरी सांगून ठेवलं की सातव्या दिवशी आम्ही पुन्हा नमस्काराला येऊ, तोवर फळ हलवू नका. का, ते कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

पण गल्ली गप्प बसली तरी बुरशी बसते थोडीच! चौथ्या दिवशी मासुयो आजींच्या सफरचंदावर चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढा तपकिरी डाग पडला.

"आमचे हे खातायत हो," त्यांनी कुंपणावरून शेजारी तोकुए आजींना कळवलं. "रोज थोडं थोडं. तुमच्याकडे काय म्हणतात?"

तोकुए आजींच्या सफरचंदावर घेवड्याच्या दाण्याएवढा डाग होता. त्यांनी फोटो पुसला, फुलं बदलली, सफरचंद जरा पुढे सरकवलं. डाग काही वाढेना. चाळीस वर्षं हातचं जेवलेल्या माणसाने आता तोंड फिरवावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सातव्या दिवशी दोघी नमस्काराला निघाल्या. पितरांसमोर मोजपट्टी बाहेर काढायची फुमिनोची छाती होईना. ती डोळे मिटून, हात जोडून बसायची. बाई मात्र शिवणाची टेप काढून "माफ करा हं" असं फोटोला पुटपुटत मापायच्या आणि नंबर आणि आकडा वहीत लिहायच्या. आठही घरं अशीच झाली.

परीक्षकांनी आकडे पाहिले. चार डाग मोठे, चार बारके, एकही इकडचा तिकडे नाही.

"मोजलं कुणी?"

"आमच्या कचेरीतल्या किनुएबाईंनी."

"त्यांना ठाऊक होतं, कशात काय आहे?"

बाई नेमक्या चहा घेऊन आत आल्या होत्या. "मला अजून ठाऊक नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

परीक्षक हसले आणि त्यांनी सही ठोकली. आख्ख्या केंद्राने टाळ्या वाजवल्या, सरांनी दोनदा नाक शिंकरलं आणि छत्र्यांच्या दुकानाला दुसरा माणूस शोधावा लागणार हे त्याच दुपारी फोनवरून कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी फुमिनो नवी, बिनभोकाची सफरचंदं घेऊन गल्लीत माफी मागायला गेली. तोकुए आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मासुयोकडे धडधाकट, म्हणून एवढं खाल्लं?"

"हो आजी."

"आणि आमच्याकडे आजारी, म्हणून कमी खाल्लं?"

"अगदी बरोबर. बुरशी आजारी होती."

बुरशीकडे आजींचं लक्षच नव्हतं. त्या फोटोकडे बघत होत्या. "मधुमेह होता गं यांना," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगून थकले, मी रडून थकले, पण एक दिवस पथ्य पाळलं नाही. तांदळाच्या डब्यात मिठाई लपवायचे." त्यांनी डोळे टिपले आणि लगबगीने कुंपण गाठलं.

"मासुयोबाई," त्यांनी हाक मारली, "आमच्या यांनी पथ्य धरलंय. तुमच्या यांना सांगा, जरा बेताने खा म्हणावं."