मशीनमधले कपडे कुणाचे?

कुठलं वागणं बेकायदेशीर, कुठलं अनैतिक आणि कुठलं नुसतंच उद्धट, हे झोपेतसुद्धा सांगू शकेल असा आमच्या कंपनीत मी एकटाच! तक्रार अधिकाऱ्याच्या जागेसाठी दुपारी माझी मुलाखत होती, ती काही उगाच नाही.

पण सकाळपासून माझा पांढरा शर्टच सापडेना! बायको बाहेर गेलेली, तिचा फोन घरात वाजतोय. शेवटी हाताला लागलेला एकुलता एक मळका निळा शर्ट घेऊन मी तळमजल्यावर धावलो. तिथे सगळ्या इमारतीचं मिळून एकच वॉशिंग मशीन आहे. बघतो तर आत कुणाचे तरी धुऊन झालेले कपडे तसेच!

येरझाऱ्या घातल्या. घड्याळ पाहिलं. पुन्हा येरझाऱ्या. दुसऱ्याचे कपडे बाहेर काढणं बेकायदेशीर? छे! अनैतिक? मुळीच नाही. उद्धट? असेल जरासं, पण मशीन अडवणारा त्याहून उद्धट! झाला निवाडा. सगळा ओला गोळा फरशीवर टाकला, निळा शर्ट आत कोंबला आणि बटण दाबलं.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला! पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींची बेल दाबली.

"मावशी, मशीन अडवणं गुन्हा नसला तरी उद्धटपणा आहे!"

"अरे, मी हातानं धुते कपडे!"

गलका ऐकून समोरचे दंतवैद्य तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. "म्हणजे तुम्हीच!" मी गरजलो. त्यांनी ब्रशसकट नकारार्थी मान हलवली. मग मी दोघांनाही पुरावा दाखवायला खाली नेलं. घाईत दंतवैद्यांचा पाय नेमका ढिगावर पडला.

तेवढ्यात बायको आली. हातात दुरुस्त करून आणलेली इस्त्री.

"हे कपडे फरशीवर कुणी टाकले?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

तिने दंतवैद्यांच्या चपलेखालून एक पांढरा शर्ट ओढून काढला. त्याची बाही मला ओळखीची वाटली. मग कॉलर. मग सगळाच ढीग!

"बायकोचा गाऊनसुद्धा ओळखू आला नाही होय रे तुला?" मावशी म्हणाल्या.

"अहो, अधिकारी," बायको शांतपणे म्हणाली, "आता हे तुमच्या कुठल्या प्रकारात बसतं, तेवढं सांगा."

निळा शर्ट अजून मशीनमध्येच गरगरत होता. मी दंतवैद्यांकडे पाहिलं. त्यांना दया आली. त्यांचे शर्ट मला होईनात. झाला तो फक्त दवाखान्यातला, खिशावर 'दंतवैद्य' लिहिलेला ढगळ पांढरा कोट.

मुलाखत घ्यायला मुख्य कार्यालयाहून साहेब आले होते. मला पाहताच त्यांनी गालावर हात ठेवला. "बरं झालं, डॉक्टर, उमेदवार यायच्या आधी तुम्हीच आलात! बघा हो, ही अक्कलदाढ काढावी लागेल का?"

मी वाकून पाहिलं आणि "लागेल" म्हणालो.

हे मात्र बेकायदेशीर होतं.