क्विम्बींचा पंखा

न्यूयॉर्कच्या उकाड्यात जीव नकोसा झाला, म्हणून लेस्टर क्विम्बींनी टेबलावरचा पंखा लावला आणि तिथेच घात झाला.

ते दिवसच वेगळे होते. युद्धावरून परतलेली मोठी माणसंसुद्धा खुशाल कॉमिक्स वाचत, म्हणून खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या छापणाऱ्या हॅलोरनसाहेबांनाही कॉमिक्सची हुक्की आली. पण कॉमिकचं पान थोरलं, ते या चिमुकल्या पुस्तकात मावणार कसं? साहेबांनी तोड काढली. पानावरच्या चित्रांच्या चौकटी कात्रीने कापायच्या आणि छोट्या पानावर दोन-दोन चिकटवायच्या. काम आलं क्विम्बींकडे. बिचाऱ्यांनी जन्मभर पाककृतींची पुस्तकं काढलेली.

"पुस्तक पडलं तर तुम्हीही घरी बसायचं, क्विम्बी," साहेबांनी बजावलं होतं.

आणि आता कापलेल्या चौकटी खोलीभर उडाल्या होत्या. चित्रं काढणारी इर्मा गावाला गेलेली, छापखान्याचा माणूस दारात ताटकळलेला. क्विम्बींनी देवाचं नाव घेऊन अंदाजपंचे सगळ्या चिकटवल्या.

इर्मा परतली तोवर पुस्तक दुकानात लागलं होतं.

"लेस्टर, हा माणूस सुरुवातीलाच मेला ना रे?"

"मेला."

"मग पुढे लग्न कसं करतो?"

"मला वाटलं, मधे जरा बरं वाटलं असेल त्याला."

"आणि पोलीस खुनाच्या आधीच बेड्या घालतोय."

"असतात काही कामसू."

इर्मा हसून हसून खुर्चीत कोसळली. क्विम्बींना मात्र रडू येत होतं. नोकरी गेलीच म्हणून त्यांनी टेबलाचा खण आवरायला घेतला, तेवढ्यात साहेब आले.

"आवरताय काय? पुन्हा छापायला टाका. लोक चौकटी कापून गोष्ट जुळवत बसलेत. घराघरांत पैजा लागल्यात."

"पण साहेब, कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं आहेत. एक बाजू कापली की दुसरी गेली."

"म्हणून तर प्रत्येक जण दोन-दोन प्रती नेतोय. पुढचंही पुस्तक अस्संच हवं."

पुढच्या पुस्तकाचं काम ऐन डिसेंबरात आलं. बाहेर बर्फ पडत होता. क्विम्बींनी ओव्हरकोटाची बटणं लावली, चौकटी टेबलावर पसरल्या आणि पंखा सुरू केला.

"जरा जोरात लाव," इर्मा कुडकुडत म्हणाली. "अजून गोष्ट कळतेय."

ती कंपनी कधीच बंद पडली. इर्माही आता नाही. पंखा मात्र क्विम्बींच्या घरी आहे. हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी त्या दिवसांची फार आठवण आली की ते तो उगीचच लावून बसतात, आणि त्यांची बायको काही न विचारता दोन स्वेटर घेऊन येते.